तेल, मेण आणि पाणी

लढायांचा इतिहास वाचताना वाचकाचे लक्ष सहजच रणांगणाकडे लागते. कोण तट चढला, कोणी खिंड अडविली, कोणाचा गोळा कोठे पडला, हे बखरकार रंगवून सांगतात. परंतु त्याच्या आदल्या रात्री बंदुकीची नळी कोणी धुतली, तोफेच्या कान्यातील काजळी कोणी खरडली, आणि चार महिने पाऊस झोडपीत असता बुरुजावरचे लोखंड कोणी सांभाळले, ही वार्ता बहुधा कोठे लिहिलेली नसते. शस्त्र चालविणाऱ्याचे नाव राहते. शस्त्र पुसून ठेवणाऱ्याचे राहत नाही. आणि तरीही ऐन प्रसंगी बंदूक वाजली की नाही, हे पुष्कळ वेळा या दुसऱ्या माणसाच्या हातावरच अवलंबून असे.

या विषयात एक मौजेचे कोडे आहे. लोखंडाचे आणि पाण्याचे हाडवैर आहे, हे लहान मूलही जाणते. अंगणात विसरलेला विळा एका पावसात तांबूस होतो. असे असता, बार काढून झाल्यावर बंदुकीची नळी पाण्यानेच धुवावी, असा जुन्या लोकांचा नियम होता. आणि तो केवळ आपल्याकडेच नव्हे, तर जेथे जेथे काळी दारू वापरली गेली तेथे तेथे होता. ज्या पाण्याने लोखंड खाल्ले जाते तेच पाणी लोखंडाचे औषध कसे होते, हे कोडे उलगडले म्हणजे सातारा-सांगलीकडील शस्त्रांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित कोपरा उजळून निघतो.

प्रथम प्रदेशाचा विचार करू. आज सातारा व सांगली हे दोन जिल्हे निराळे असले, तरी १९४९ पर्यंत त्यांचा मोठा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या साली उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन विभाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखाचे वैशिष्ट्य असे की, पश्चिमेकडून पूर्वेकडे दिवसाभराची मजल मारावी आणि पावसाचे सारे मान पालटावे. महाबळेश्वरी वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. सातारा शहरी तो चाळीस इंचांच्या आसपास येतो. सांगलीस पंचवीस इंचांवर उतरतो. आणि माण, खटाव, जत या बाजूस वीस इंचही मोठ्या कष्टाने पुरे होतात. प्रतापगड आणि वासोटा हे किल्ले आषाढ-श्रावणात महिनामहिना ढगात बुडालेले असतात. तेथे भिंतीला घाम सुटतो, कपड्याला बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते. अशा हवेत उघड्या लोखंडाची दशा काय होत असेल, ते सांगावयास नको. म्हणून माणदेशातील शिलेदाराला जी निगा वर्षातून दोनदा पुरे, ती जावळीच्या रानातील गडकऱ्याला आठवड्यातून दोनदा करावी लागे.

आता दारूचा विचार करू. काळी दारू ही सोरा, गंधक आणि कोळसा या तिघांच्या मिश्रणाने होते. तिचे चांगले प्रमाण म्हणजे शंभर भागांत सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. ही दारू पेटली म्हणजे तिचा सगळा धूर होऊन जातो, असा समज असतो; तो खरा नव्हे. वजनाने पाहता तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरतो. काही धुराबरोबर उडून जातो, पण बराचसा नळीच्या आत लिंपून बसतो. हा जो काळा, खरबरीत, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा लेप, तोच बंदुकीचा खरा शत्रू होय.

या लेपात काजळी असते, गंधकाचा अंश असतो; पण मुख्यतः असतात ते सोऱ्यातील पालाशापासून झालेले क्षार. या क्षारांना पाण्याची विलक्षण ओढ असते. उघड्या वाटीत ठेवलेले मीठ पावसाळ्यात जसे पाझरते, तसेच हे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात व स्वतःच पाझरू लागतात. म्हणजे वरून नळी कोरडी दिसली, तरी तिच्या पोटात खारट पाण्याचा एक पातळ थर रात्रंदिवस लोखंडाला चिकटून राहतो. साधे पाणी लोखंडाला गंज चढविते, पण खारे पाणी तेच काम अनेक पटींनी झपाट्याने करते. कोकण किनाऱ्यावरील लोखंडी गज घाटावरील गजाच्या आधी का झिजतो, याचे कारणही हेच.

मग या लेपावर उपाय काय? पुष्कळांच्या मनात प्रथम तेल येते. परंतु क्षार तेलात विरघळत नाहीत. मळलेल्या नळीत तेल ओतले तर क्षार जागच्या जागी राहतात, त्यांच्यावर तेलाचा पापुद्रा बसतो, आणि त्या पापुद्र्याखाली गंजाचे काम निर्वेधपणे चालू राहते. जखम न धुता वर पट्टी बांधावी, त्यातला हा प्रकार. क्षार विरघळतात ते पाण्यात. म्हणून आधी पाणी, मग कोरडे फडके, आणि सरतेशेवटी तेल, हा क्रम पडला. तिन्हींपैकी एकही पायरी गाळून चालत नाही, आणि क्रम उलटा करूनही चालत नाही.

तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीची नळी एका टोकास बंद असते. तिच्या बुडाशी रंजकाचे बारीक भोक तेवढे असते. ती धुण्याची रीत अशी. बंदुकीत बार भरलेला नाही याची आधी खात्री करून घ्यावयाची. मग नळीत पाणी भरून, गजाला चिंधी गुंडाळून, ती वरखाली सारावयाची. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते आणि रंजकाच्या भोकातून चिळकांडीसारखे बाहेर उडते. त्यामुळे ते भोकही आपोआप साफ होते. पाणी निर्मळ निघेपर्यंत हे करावयाचे. शेवटचे पाणी होता होईल तो कढत असावे, हा यातला शहाणपणा. कारण कढत पाण्याने क्षार लवकर विरघळतात हे तर खरेच. पण त्याहून मोठा लाभ असा की, नळीच तापते आणि तिच्यात उरलेला ओलावा वाफ होऊन निघून जातो. नंतर कोरड्या चिंध्या फिरवावयाच्या, आणि नळी अजून कोमट असतानाच तेलाचा हात द्यावयाचा. हे सर्व त्याच दिवशी झाले पाहिजे. रात्रभर मळ तसाच राहिला, तर दुसऱ्या सकाळी नळीच्या तोंडाशी तांबूस रेघ दिसू लागते, आणि पावसाळ्यात तर ती सकाळपर्यंतही वाट पाहत नाही.

या कामाचे महत्त्व राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलाने अकबराच्या बंदुकांचे वर्णन करताना नळ्या साफ करण्याच्या एका चाकाची हकीकत दिली आहे. ते चाक गुराच्या बळावर फिरत असे, आणि त्यायोगे एका वेळी सोळा नळ्या थोडक्या वेळात स्वच्छ होत. बादशहाच्या पदरी हजारो बंदुका असता त्या एकेका हाताने घासणे किती जिकिरीचे होते, याची कल्पना या एका यंत्रावरून येते. डोंगरी किल्ल्यावरील गडकऱ्याजवळ असले चाक कोठून असणार? त्याची भिस्त माणसाच्या हातावर आणि नित्याच्या शिस्तीवर.

ही शिस्त मराठी राज्यात केवळ तोंडी परंपरेवर सोडलेली नव्हती, याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. हा ग्रंथ १७१५ साली, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या आज्ञेने पुरा झाला असे मानतात. रामचंद्र नीलकंठ हे काही केवळ लेखणीचे धनी नव्हते. शिवछत्रपतींपासून ताराबाईंपर्यंतचा काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १६८९ नंतर राजाराममहाराज जिंजीस गेले, तेव्हा ‘हुकुमतपनाह’ हा अधिकार धारण करून महाराष्ट्रातील किल्ले झुंजत ठेवण्याचा भार ज्यांनी वाहिला, त्यांत ते प्रमुख होते. त्याच झगड्यात १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार महिने झुंजविला. १७०० च्या एप्रिलात सुरुंग उडाले, आणि त्यांचा एक स्फोट उलटून मोगलांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली गेली. पुढे किल्ला तहाने गेला. त्यानंतर परळीचा, म्हणजे सज्जनगडाचा, वेढा ऐन पावसाच्या तोंडावर संपला, आणि परतीच्या वाटेवर त्या अफाट फौजेचे पावसाने अतोनात हाल केले. सह्याद्रीचा पाऊस शत्रूला मारतो, पण तो आपले लोखंडही सोडीत नाही, हे अशा काळातून गेलेल्या माणसास पुरते उमजलेले असले पाहिजे.

म्हणूनच आज्ञापत्रात, राजनीतीच्या मोठमोठ्या गोष्टींच्या जोडीला, दुर्गांच्या प्रकरणात एक अगदी घरगुती वाटणारी आज्ञा आढळते. तोफांना त्या काळी ‘भांडी’ म्हणत. पावसाळ्यात या भांड्यांना आणि किल्ल्याच्या दरवाजांना तेल व मेण द्यावे, भांड्यांचे काने मेणाने बुजवावे, आणि पावसाचा विशेष संचार होणार नाही असे वर आच्छादन घालून ती खराब होऊ देऊ नयेत, असा त्या आज्ञेचा आशय आहे. थोडक्या शब्दांत गंजनिवारणाचे सारे शास्त्र तीत आले आहे. तेल लोखंडाच्या रंध्रांत शिरते, पण उन्हापावसात फार दिवस टिकत नाही. मेण टिकते, म्हणून दोन्ही हवीत. काना हे तोफेचे सर्वांत नाजूक अंग. तेथून पाणी आत झिरपले तर तोफेच्या बुडाशी, जेथे दारूचा भार सर्वांत अधिक सोसावा लागतो नेमके तेथेच, गंज साचतो. आणि काना झिजून रुंद झाला तर बाराचा जोर त्यातूनच वाया जातो. म्हणून मेणाचे बूच. आणि नुसत्या लेपावर विसंबून न राहता वर आच्छादन, म्हणजे पाणी लोखंडापर्यंत पोहोचूच नये.

दारूविषयी तर त्याच ग्रंथात याहून बारीक दक्षता आहे. दारूखाना घरांच्या वस्तीपासून वेगळा असावा. तळघरात गच्ची करून, माच घालून, त्यावर दारूची मडकी ठेवावीत. सर्दी लागू देऊ नये. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढवून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावे. यातील ‘आठ-पंधरा दिवसांनी’ हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. संकट येईल तेव्हा पाहू, असे येथे नाही. शत्रू असो वा नसो, पंधरवडा भरला की तपासणी. ज्या अमात्याने किल्ले हातचे जाताना आणि परत येताना पाहिले, त्याने तेलाची वाटी आणि मेणाचा गोळा यांना राजाज्ञेत जागा दिली, यात त्याच्या अनुभवाचे सार आहे.

तोफांच्या घडणीवरही निगेचा प्रकार अवलंबून असे. पंचरसी, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रणाच्या, तोफांना तांबडा गंज धरीत नाही. त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकत. पण तांबे व कथील महाग. म्हणून किल्ल्यांवर लोखंडी भांडी पुष्कळ असत. त्यांतील कित्येक लोखंडाच्या पट्ट्या उभ्या जुळवून, त्यांवर तापलेली कडी ठोकून बसवून तयार केलेली. या कड्यांच्या सांध्यांत पाणी शिरले की ते निघत नाही. आत गंज वाढतो, आणि गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा लागत असल्यामुळे सांधा आतूनच उकलू लागतो. अशी तोफ डागणे म्हणजे गोलंदाजाने आपल्या जिवावर उदार होणे होय. तेल-मेणाची ती आज्ञा केवळ सरकारी मालमत्तेच्या रक्षणासाठी नव्हती. तिच्यामागे गोलंदाजाचा प्राण होता.

पेशवाईत या मुलखातून जे सरदार पुढे आले, त्यांत पटवर्धनांचे घराणे अग्रगण्य. मिरज, तासगाव, सांगली ही त्यांची ठिकाणे. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनी १७९० च्या सप्टेंबरापासून १७९१ च्या एप्रिलापर्यंत, टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात, धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला. त्यांच्या साहाय्यास मुंबईहून कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी आली होती. तीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने पुढे १७९४ साली या मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मराठ्यांचे गोलंदाज एक तोफ भरीत, मग अर्धा घटका-घटका बोलत व धूम्रपान करीत बसत, मग ती डागीत, आणि पुन्हा तसेच. दुपारच्या जेवणाच्या वेळी तर दोन्ही बाजूंच्या तोफा जणू परस्परांच्या संमतीने गप्प असत, असे तो उपहासाने लिहितो.

मूराच्या उपहासात तथ्य आहे. तोफखान्याच्या शिस्तीत मराठे त्या काळी मागे पडत चालले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुनी तोफ सारखी डागली तर तापून धोक्याची होते, आणि प्रत्येक बारानंतर तिच्या पोटात राख व ठिणग्या उरतात. ओल्या कुंच्याने आतून पुसल्यावाचून नवी दारू घातली, तर विझावयाची राहिलेली एखादी ठिणगी भरणाऱ्याचे हात उडविते. म्हणून जगातील कोणत्याही काळ्या दारूच्या तोफेजवळ पाण्याची बादली ही दारूच्या पिशवीइतकीच आवश्यक असे. कवायती तोफखान्यात हे पुसणे, भरणे, ठासणे आणि डागणे प्रत्येक माणसास वाटून दिलेले असे, म्हणून काम झपाट्याने होई. आपल्याकडे ती वाटणी नव्हती, म्हणून वेळ लागे. पाणी दोघांजवळही होते. फरक होता तो त्याच्या वापरातील शिस्तीचा.

१८१८ च्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला; १८४८ साली साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. १८५७ नंतर शस्त्रे बाळगण्यावर निर्बंध वाढत गेले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक ही परवान्याची वस्तू झाली. किल्ल्यांवरील भांड्यांना तेल-मेण देणारे हात निघून गेले. तलवारी-कट्यारींना पाणी व झिलई देणारे शिकलगार चाकू, कात्र्या आणि विळे यांच्या धारेवर पोट भरू लागले. बंदुकीच्या निगेची विद्या गडावरून उतरली आणि पलटणीच्या बराकीत गेली.

या सुमारास शास्त्रही पालटले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकमक जाऊन टोपीची बंदूक आली. शतकाच्या अखेरीस काळी दारू जाऊन बिनधुराची दारू आली. .३०३ इंची रायफल इंग्रज सैन्याने १८८८ साली स्वीकारली, आणि थोड्याच वर्षांत तिच्यासाठी कॉर्डाइट ही नवी दारू वापरात आली. तिची राख जवळजवळ उरत नाही. तेव्हा आता पाण्याने धुण्याचे कारण उरले नाही, असे पुष्कळांस वाटले. पण नळ्या गंजावयाच्या थांबल्या नाहीत. स्वच्छ पुसून, तेल घालून ठेवलेली रायफल चार दिवसांनी पाहावी, तो आत गंजाचे ठिपके. नव्या दारूतील आम्ले नळीच्या धातूत मुरतात व मागाहून बाहेर येतात, म्हणून नळीला ‘घाम’ सुटतो, अशी कल्पना बराच काळ रूढ होती.

खरा गुन्हेगार वेगळाच निघाला. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते, तिच्यातील स्फोटक मिश्रणात पालाशाचा क्लोरेट असे. बार उडताच त्याचा क्लोराइड होई. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचा सख्खा भाऊ. हा क्षार अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने सबंध नळीत पसरे. १९२० च्या आगेमागे अमेरिकेच्या खाण खात्यातील रसायनज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, मागाहून चढणारा गंज दारूमुळे नव्हे, तर टोपीतून येणाऱ्या या क्षारामुळे चढतो. आणि त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे त्याला विरघळविणारे पाणी. म्हणजे शेवटी गाडी पुन्हा जुन्या नियमावरच आली. दारू पालटली, नळी पालटली. मिठाचा आणि लोखंडाचा झगडा तोच राहिला.

सैन्यात मात्र शास्त्रज्ञांच्या आधीपासून अनुभवाने उकळते पाणी चालूच होते. गोळीबार संपला की रायफलीच्या मागल्या बाजूने नरसाळे लावून नळीत भरपूर उकळते पाणी ओतावयाचे. मग पुलथ्रू नावाच्या दोरीला चिंधी अडकवून ती नळीतून ओढावयाची. चिंधी कोरडी व स्वच्छ निघाली की तेलाची चिंधी. आणि पुढील काही दिवस रोज पुन्हा पाहणी. तेलाची कुपी आणि ही दोरी ठेवावयास रायफलीच्या दस्त्यातच एक कप्पा केलेला असे. सातारा जिल्ह्यातील गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी हा पाठ बेळगाव आणि इतर छावण्यांत घेतला. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ वीर कामी आले.

त्या युद्धात मराठा पलटणींची कसोटी लागली ती मेसोपोटेमियात. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत कुत-अल्-अमारा येथे वेढ्यात अडकल्या होत्या. एका बाजूस नदीचा पूर, खंदकात गुडघाभर चिखल, आणि वर उपासमार. अशा स्थितीत रायफल हे शिपायाचे एकमेव वित्त. जावळीच्या धुक्यात ज्यांच्या पूर्वजांनी तोड्याची बंदूक कोरडी ठेवली, त्यांच्या वंशजांना तेच काम तैग्रिस नदीच्या काठी करावे लागले. १९२२ साली या जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट उभी करण्यात आली, आणि बेळगाव हे पुढे तिचे कायमचे केंद्र झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू क्लोरेटविरहित टोप्या सर्वत्र आल्या, आणि उकळत्या पाण्याची किटली इतिहासजमा झाली. तपासणीची शिस्त मात्र तशीच राहिली.

येथवर शिपायाची गोष्ट झाली. आता सामान्य घरातील रिवाजाकडे पाहिले, तर तेथेही हे ज्ञान निराळ्या रूपाने नांदताना दिसते. आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे, अवजारे, यंत्रे बाहेर काढून, घासूनपुसून त्यांची पूजा करावयाची. पाऊस सरतो, आकाश निवळते, आणि चार महिने सर्दलेले लोखंड तपासावयाचा नेमका तोच काळ असतो. मोहिमेवर निघण्यापूर्वी, सीमोल्लंघनाच्या आदल्या दिवशी, प्रत्येक हत्याराला हात लागावा, अशी ही सोय आहे. मात्र पूजेनंतर एक चूक घरोघर होते. ओले गंध, हळदकुंकू आणि फुले शस्त्रावर तशीच वाळू दिली जातात. ओलावा धरून ठेवणारा हा लेप लोखंडाला डाग पाडतो. दसऱ्याचे सोने लुटून झाले की दुसऱ्या दिवशी शस्त्र कोरडे पुसून तेलाचा हात देणे, हाही पूजेचाच भाग मानला पाहिजे.

कृष्णाकाठच्या लोकांस तर या गोष्टीचा धडा अलीकडे फार कठोरपणे मिळाला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला, आणि घरेच्या घरे दिवसचे दिवस पाण्यात राहिली. पूर ओसरल्यावर ज्यांनी विळे, कोयते, पंप, यंत्रे यांवरील गाळ स्वच्छ पाण्याने तत्काळ धुऊन, वाळवून तेल दिले, त्यांच्या वस्तू वाचावयाचा संभव अधिक. आणि आधीच भिजले आहे, आता आणखी पाणी कशाला, म्हणून ज्यांनी गाळ तसाच वाळू दिला, त्यांच्या लोखंडाला त्या गाळानेच खाल्ले. घाण पाणी धुण्यास स्वच्छ पाणीच लागते, हा बंदुकीच्या नळीचा नियम पंपालाही लागू आहे.

शेवटी उरतो प्रश्न किल्ल्यांवर आणि गावोगाव पडलेल्या जुन्या तोफांचा. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जी शस्त्रे आहेत, ती छपराखाली, जाणत्यांच्या नजरेखाली आहेत. पण महाराष्ट्रात कितीतरी तोफा उघड्यावर आहेत. काही मातीत अर्ध्या गाडलेल्या आहेत. काहींच्या नळ्यांत दगडमाती कोंबलेली आहे, आणि पाऊस आला की ती ओल तेथेच कोंडून राहते. आपल्याकडे इतिहासाबद्दल आदर नाही, असे म्हणवत नाही. उलट आदरापोटीच लोक गंज तारेच्या ब्रशाने खरवडून काढतात, आणि वर काळा चकचकीत रंग फासतात. परंतु लोखंडाच्या पोटात शिरलेले क्षार रंगाने जात नाहीत. रंगाखाली गंज वाढतो, खपली सुटते, आणि खपलीबरोबर तोफेवरील अक्षरे, चिन्हे व मूळ पृष्ठभागही गळून पडतो. न धुतलेल्या नळीत तेल ओतण्याचाच हा प्रकार. केवळ तेलाच्या जागी रंग आला आहे.

आज संग्रहालयशास्त्र याबाबत काय सांगते ते ऐकण्यासारखे आहे. जुन्या लोखंडातील क्षार प्रथम योग्य द्रावणात मुरवून बाहेर काढावे. मग वस्तू पूर्ण वाळवावी. उरलेला गंज टॅनिक आम्लासारख्या द्रव्याने स्थिर करावा. आणि वर विशिष्ट मेणाचा पातळ लेप द्यावा. तोफ उघड्यावर राहणार असेल तर तिच्या तोंडात पाणी साचू नये अशी ती बसवावी, जमिनीपासून उचलून गाड्यावर किंवा चौथऱ्यावर ठेवावी, आणि मेणाचा लेप नेमाने पुन्हा द्यावा. हे काम जाणकाराचे आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीनेच व्हावयाचे आहे. पण या सर्व उपायांचा सारांश काढला तर पुन्हा तेच तीन शब्द हाती येतात : धुणे, वाळविणे आणि मेण देणे. तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी गडकऱ्यास ज्या मेणाची आज्ञा केली, त्याच जातीच्या मेणापाशी आजचे शास्त्र येऊन थांबले आहे.

गंजाची एक खोड अशी की, तो गाजावाजा करून येत नाही. किल्ल्याच्या तटाला सुरुंग लागला तर साऱ्या मुलखाला ऐकू जाते. पण बुरुजावरच्या तोफेचा काना रोज केसभर झिजतो, ते कोणालाच ऐकू येत नाही. अमात्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी हवालदाराला पंधरा दिवसांची मुदत घालून दिली. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या गावांत आज जी जुनी हत्यारे व भांडी उरली आहेत, ती आणखी शंभर वर्षे राहावयाची असतील, तर एखाद्या समारंभाच्या रंगाहून त्यांना या मुदतीची गरज अधिक आहे. दर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, गावाने आपल्या तोफेपाशी जाऊन तिच्यात पाणी तर साचले नाही ना, एवढे जरी पाहिले, आणि साचले असल्यास जाणकाराला बोलाविले, तरी आज्ञापत्रातील ती आज्ञा अजून पाळली जात आहे असे म्हणता येईल.